पाचशे वस्तीच्या गावात हजारो पाहुणे: जिओकॅशिंग मेळाव्याच्या यजमानपदाची बोली

अमेरिकेतील टेनेसी राज्यात बेल बकल नावाचे सुमारे पाचशे वस्तीचे गाव आहे. जिओकॅशिंगचा छंद असणाऱ्यांचा ‘जिओवूडस्टॉक’ हा वार्षिक मेळावा २००९ साली या गावी भरला. पुढच्या वर्षी तो वॉशिंग्टन राज्यातील कार्नेशन या दोन हजारांहून कमी वस्तीच्या गावी गेला आणि २०११ मध्ये पेनसिल्व्हेनियातील वॉरन या, ॲलेघनी राष्ट्रीय वनाच्या कडेला वसलेल्या, सुमारे दहा हजार वस्तीच्या शहराने त्याचे यजमानपद सांभाळले. मोठी हॉटेले, विमानतळ आणि सभागृहे हाताशी असलेली महानगरे सोडून असा मेळावा लागोपाठ तीन वर्षे आडवळणाला का गेला असेल, आणि तो आपल्याकडे यावा म्हणून लहान गावाला नेमके काय सिद्ध करून दाखवावे लागते, हे समजून घेण्यासारखे आहे.

आधी खेळ. जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसच्या आधाराने लपवलेली डबी शोधणे. २ मे २००० रोजी अमेरिकी सरकारने नागरी वापराच्या जीपीएस संकेतात मुद्दाम ठेवलेली त्रुटी काढून टाकली आणि तोवर शंभर मीटरपर्यंत चुकणारी यंत्रे एका रात्रीत कितीतरी अचूक झाली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळ एक बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. तीन दिवसांच्या आत ती दोघांनी शोधूनही काढली. आज जगभरात तीस लाखांहून अधिक डब्या लपवलेल्या आहेत. या डब्यांना ‘कॅश’ म्हणतात. काही कॅश बोटाच्या पेराएवढ्या लोहचुंबकी नळीत मावतात, तर काही लष्कराच्या जुन्या काडतूस-पेटीत ठेवलेल्या असतात. आत किमान एक कागद असतो, त्यावर शोधणाऱ्याने नाव लिहायचे, डबी होती तशी परत ठेवायची आणि संकेतस्थळावर नोंद करायची. सिएटल येथील कंपनी हे संकेतस्थळ चालवते. प्रत्येक नवी कॅश जाहीर होण्यापूर्वी तिची तपासणी मात्र त्या त्या भागातील स्वयंसेवक परीक्षक करतात. हे परीक्षक पुढे बोलीच्या, म्हणजे यजमानपदासाठी मांडायच्या प्रस्तावाच्या, कामात फार महत्त्वाचे ठरतात.

एरवी एकेकट्याने किंवा कुटुंबासह खेळला जाणारा हा खेळ माणसे एकत्र आली की ‘इव्हेंट’ होतो. चार टाळकी चहाला जमली तरी तो इव्हेंटच. उपस्थिती पाचशेच्या पुढे जाणार असेल तर त्याला ‘मेगा’ असा दर्जा मिळू शकतो आणि पाच हजारांच्या पुढे ‘गिगा’. जगातील पहिला गिगा इव्हेंट २०१४ साली म्युनिक येथे झाला. हा दर्जा केवळ शोभेचा नसतो. मेगा किंवा गिगाला हजेरी लावणाऱ्याच्या खात्यावर त्याचे वेगळे चिन्ह उमटते, आणि अशी चिन्हे जमवण्यासाठी माणसे सुट्ट्या राखून, देश ओलांडून प्रवास करतात. बाहेरच्यांना हे पोरकट वाटेल. पण गावातील हॉटेलवाल्याच्या दृष्टीने पाहुणा चिन्हासाठी आला की निसर्गासाठी, याने काही फरक पडत नाही.

सगळे मेगा मेळावे बोलीने ठरत नाहीत. ओहायो राज्यातील वॉसिऑन येथील ‘मिडवेस्ट जिओबॅश’सारखे मेळावे स्थानिक मंडळी आपापल्या ठिकाणी भरवत आली आहेत. बोलीचा प्रश्न येतो तो फिरत्या मेळाव्यांबाबत. जिओवूडस्टॉकची सुरुवात २००३ मध्ये केंटकीतील लुइव्हिल येथे झाली आणि पुढे त्याने अनेक राज्ये पाहिली. ब्रिटनमधील वार्षिक मेगा मेळावाही देशाच्या निरनिराळ्या भागांत फिरतो. निवडीची रीत मराठी वाचकाला अनोळखी नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनासाठी ठिकठिकाणच्या संस्था निमंत्रणे पाठवतात, महामंडळाची स्थळ निवड समिती जागा पाहून येते आणि मग २०२४ प्रमाणे अमळनेरसारख्या तालुक्याच्या गावालाही मान मिळतो. जिओकॅशिंगमध्येही इच्छुक गट प्रस्ताव मांडतो, जाणती मंडळी तो पारखतात आणि त्यातून पुढचा यजमान ठरतो. अध्यक्षपदाचा वाद तेवढा येथे नसतो.

प्रस्ताव लिहिणारे बहुधा एकच गोष्ट विसरतात: त्याचे वाचक दोन असतात. एक वाचक म्हणजे कॅशर, अर्थात हा खेळ खेळणारी मंडळी, ज्यांना तेथे खेळायला काय मिळणार हे हवे असते. दुसरा वाचक म्हणजे खुद्द गाव, म्हणजे जमीनमालक, पोलीस, अग्निशमन दलाचे स्वयंसेवक, चर्चचे विश्वस्त आणि काउंटीचे, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या जागी असलेल्या प्रशासकीय विभागाचे, पर्यटन कार्यालय. पहिल्याला जिंकण्यासाठी दुसऱ्याला गृहीत धरले की बोली मंजूर होऊनही मेळावा फसतो. ग्रामीण भागात हे विशेष खरे आहे, कारण शहरात नाराज माणूस गर्दीत हरवून जातो, तर गावात त्याच्या शेतातूनच रस्ता जात असतो.

मग गावाकडे शहरापेक्षा अधिक काय असते? त्याचे उत्तर एका आकड्यात आहे: १६१ मीटर. कोणत्याही दोन प्रत्यक्ष डब्यांमध्ये किमान एवढे, म्हणजे एक दशांश मैल, अंतर असावे असा नियम आहे. गणित केले तर एक चौरस किलोमीटरमध्ये, डब्या अगदी मधमाशीच्या पोळ्यासारख्या नेमक्या मांडल्या तरी, चव्वेचाळीसच्या आसपासच मावतात; आणि प्रत्यक्षात विहिरी, कुंपणे, शाळा व खासगी आवारे वगळल्यावर त्याच्या निम्म्याही बसत नाहीत. मोठ्या शहरांतील चांगल्या जागा वर्षानुवर्षे व्यापलेल्या आहेत. तीन-चार दिवसांसाठी आलेल्या हजारो खेळाडूंना मात्र नव्या डब्या हव्या असतात, त्याही शेकड्यांनी. दहा किलोमीटरच्या मोकळ्या ग्रामीण रस्त्यावर साठाहून अधिक डब्यांची रांग लावता येते. शहराला ही मोकळीक पैसे देऊनही विकत घेता येत नाही, आणि म्हणूनच, माझ्या मते, ग्रामीण बोलीने सर्वांत आधी आपला नकाशा मांडावा, स्वागताची भाषणे नंतर.

या मोकळ्या रस्त्याची दुसरी बाजू नेवाडा राज्याने पाहिली आहे. तेथील ३७५ क्रमांकाच्या राज्यमार्गाला परग्रहवासीयांच्या दंतकथांमुळे ‘एक्स्ट्राटेरेस्ट्रियल हायवे’ असे नाव मिळाले आहे. त्याच्या कडेला हजाराहून अधिक डब्यांची रांग उभी राहिली आणि दूरदूरचे खेळाडू येऊ लागले. गाडी थांबवायची, उतरायचे, नाव लिहायचे, पुन्हा एकशेसाठ-सत्तर मीटर पुढे जाऊन थांबायचे, हा दिवसभराचा क्रम वेगवान रहदारीच्या रस्त्यावर धोक्याचा आहे, असे ठरवून २०११ मध्ये राज्याच्या परिवहन खात्याने डब्या हटवायला लावल्या. त्या रस्त्यावर रेचेल ही मूठभर घरांची वस्ती आहे. पाहुणे आटल्याची झळ तेथील व्यवसायाला लगेच जाणवली. रांग पुढे पुन्हा उभारण्यात आली, पण धडा स्पष्ट आहे. रस्ता रिकामा दिसतो म्हणून तो आपला होत नाही. त्याचा मालक कोण, त्यावरून ट्रॅक्टर व मक्याचे अजस्र ट्रक केव्हा जातात, आणि गाडी बाजूला घ्यायला रस्त्याकडेची पट्टी आहे का, हे बोलीतच लिहिलेले असावे.

जागेनंतर निवास. येथे बहुतेक गावे घाबरतात किंवा खोटे बोलतात. समजा तीन हजार माणसे येणार आहेत. त्यांपैकी पाचशे आसपासच्या गावांतून येऊन संध्याकाळी परत जातील आणि हजार जण स्वतःच्या कॅम्पर गाडीत किंवा तंबूत राहतील असे धरले, तरी दीड हजारांना छप्पर लागेल. एका खोलीत सरासरी अडीच माणसे धरली तर सहाशे खोल्या होतात. गावात मोटेल एकच असेल आणि त्यात चाळीस खोल्या असतील, तर उरलेल्या पाचशे साठ कोठे आहेत याचा हिशेब गाडीने लागणाऱ्या वेळेनुसार द्यावा लागतो: वीस मिनिटांच्या आत किती, पाऊण तासाच्या आत किती. कॅशर पाऊण तासाच्या प्रवासाला फारसे कुरकुरत नाहीत, कारण वाटेतही डब्या असतात. त्यांना राग येतो तो ‘निवासाची उत्तम सोय’ अशा मोघम वाक्याचा. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, पण ज्या प्रस्तावात असा तक्ता नसतो तो वाचणाऱ्याला लगेच कळते की गावाने अजून हॉटेलवाल्यांना फोनही केलेला नाही.

ग्रामीण अमेरिकेकडे याबाबतीत एक हुकमी पत्ता आहे, तो म्हणजे काउंटीचे जत्रा-मैदान. बहुतेक काउंट्यांमध्ये वर्षातून एकदा शेती व पशुप्रदर्शन भरते. त्यासाठी राखलेले मैदान उरलेले महिने बरेचसे रिकामे असते. अशा मैदानात गेले की लक्षात येते की मेळाव्याला लागणारे जवळजवळ सगळे तेथे आधीच उभे आहे. गुरांचे लांबलचक गोठे आहेत, ते झाडून धुतले की विक्रीचे गाळे होतात. गाई धुण्यासाठी केलेले सिमेंटचे ओटे आणि त्यावरचे नळ आहेत. कॅम्पर गाड्यांसाठी ओळीने विजेचे खांब आहेत, पक्की स्वच्छतागृहे आहेत, पत्र्याच्या छपराखाली बाकांची रांग आहे. वॉसिऑनचा मेळावा फुल्टन काउंटीच्या अशाच मैदानावर भरत आला आहे. शहरातील सभागृहाचे भाडे आणि त्याच्या नियमांची जंत्री पाहिली की हे मैदान किती मोठे भांडवल आहे ते समजते.

गाड्या लावण्याच्या जागेचे गणितही साधे आहे आणि तरी हमखास चुकते. कॅम्पर व तंबूतले हजार वगळले तर उरलेल्या दोन हजार माणसांच्या, अडीच माणसांमागे एक गाडी या हिशेबाने, आठशे गाड्या होतात; मधल्या वाटांसह एका गाडीला सुमारे अठ्ठावीस चौरस मीटर धरले तर साडेपाच एकर लागतात. साडेपाच एकर गवताळ रान गावात कोणाकडेही मिळेल. आदल्या रात्री पाऊस झाला तर? चिखलात रुतलेल्या आठशे गाड्या ट्रॅक्टरने ओढून काढण्याची तयारी कोणाची आहे, की पर्यायी डांबरी जागा आणि तेथून मैदानापर्यंत शाळेच्या बस आहेत, याचे उत्तर एका ओळीत तरी हवे. त्याचप्रमाणे मोबाइलचे जाळे. जेथे एरवी पाचशे फोन असतात तेथे तीन हजार आले की ॲप उघडत नाही, आणि या खेळात ॲप उघडले नाही तर खेळच होत नाही. म्हणून डब्यांची यादी आधीच उतरवून घेण्याची सूचना, छापील नकाशे आणि शक्य असल्यास तात्पुरत्या मनोऱ्यासाठी मोबाइल कंपनीशी बोलणी या गोष्टी बोलीत नमूद केल्याने गावाची अडचण लपत नाही, उलट गावाने विचार केला आहे हे दिसते.

जमिनीच्या परवानगीबाबत थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण बोलीचा कस येथे लागतो. अमेरिकेत ‘सरकारी जमीन’ ही एकच वस्तू नाही. राष्ट्रीय उद्यानांमध्ये अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय डबी ठेवता येत नाही आणि ती परवानगी सहसा मिळत नाही. राष्ट्रीय वनांमध्ये धोरण तुलनेने मोकळे आहे, पण तेथील संरक्षित निर्जन क्षेत्रे वगळावी लागतात. राज्यांची उद्याने आपापले नियम करतात. खासगी जमीन असेल तर मालकाचा होकार हवा, आणि येथे शेजारधर्म उपयोगी पडतो तसाच नडतो. तोंडी ‘चालेल की’ म्हणणारा शेतकरी तीस माणसे नव्हे तर तीन हजार माणसे येणार हे ऐकून विचारात पडतो, आणि त्याने पडावेही. कोणते फाटक उघडे ठेवायचे, कोणते बंद करायचे, वासरे कोणत्या कुरणात आहेत, गवत कापायचे कधी आहे, शिकारीचा हंगाम कधी सुरू होतो, हे त्याला विचारून घ्यावे लागते. चांगल्या बोलीत अशा परवानग्या लेखी आणि तारखेसह जोडलेल्या असतात. स्वयंसेवक परीक्षकांनाही शेकडो डब्या एकदम तपासायच्या असतात, त्यामुळे त्यांच्याशी काही महिने आधी वेळापत्रक ठरवले नाही तर मेळाव्याच्या दिवशी नकाशावर डब्याच दिसत नाहीत. अलीकडे ॲपमधील प्रश्नोत्तरांवर चालणारे ‘ॲडव्हेंचर लॅब’ हे प्रकार आले आहेत. त्यांत वस्तू लपवायची नसल्याने गावाचा जुना बाजार, गिरणी किंवा रेल्वे स्थानक यांची ओळख करून देता येते.

पोलिसांना आधी सांगणे हा उपचार नाही. २०११ साली इंग्लंडमधील वेदरबी या बाजारगावी एका कॅफेबाहेर एक जण डबीशी काहीतरी करताना दिसला. पाहणाऱ्याला संशय आला, रस्ते बंद झाले आणि बॉम्बशोधक पथकाने ती निरुपद्रवी डबी उडवून दिली. एका डबीने एवढे होऊ शकते, तर झुडपांत वाकून पाहणाऱ्या तीन हजार अनोळखी माणसांनी लहान गावातील दूरध्वनी कक्षाचे काय होईल, याची कल्पना करावी. शेरिफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, कार्यालयाला डब्यांची यादी द्यावी आणि गावातील वृत्तपत्रातून खेळाची माहिती छापून आणावी, म्हणजे आजीबाईंचे निम्मे फोन आपोआप टळतात.

पैशाचा विषय थोडक्यात सांगता येतो. खर्च आधी येतो आणि उत्पन्न नंतर: मैदानाचे भाडे, विमा, फिरती स्वच्छतागृहे, कचरा. उत्पन्न मुख्यतः टी-शर्ट, स्मरणनाणी म्हणजे ‘जिओकॉइन’, विक्रेत्यांच्या गाळ्यांचे भाडे आणि प्रायोजक यांतून येते. अनेक काउंट्या हॉटेलच्या मुक्कामावर कर घेतात व त्यातला काही भाग पर्यटनवाढीसाठी खर्च करतात, म्हणून पर्यटन कार्यालय अशा मेळाव्याला सुरुवातीचे पैसे द्यायला तयार होते. त्यांना आश्वासनापेक्षा खोल्यांचे आकडे कळतात. जेवणाचे कंत्राट बाहेरच्या कंपनीला देण्यापेक्षा अग्निशमन स्वयंसेवक दल, चर्च आणि शाळेचे पथक यांना दिले तर पैसा गावात राहतो आणि एरवी आक्षेप घेणारी मंडळी भट्टीपाशी उभी राहून पाहुण्यांना वाढू लागतात. हा मुद्दा अर्थकारणात लिहिला जातो, पण त्याचा खरा उपयोग संमतीसाठी होतो.

उपस्थितीचा अंदाज हा मात्र कायमचा डोकेदुखीचा विषय आहे. संकेतस्थळावर ‘येणार’ अशी नोंद करता येते, पण एका खात्यामागे चार जणांचे कुटुंब असू शकते आणि नोंद करून न येणारेही पुष्कळ असतात. या नोंदींवरून दर्जाचा अंदाज बांधता येतो, भाकरी मात्र मोजता येत नाहीत. म्हणून जाणते आयोजक एका आकड्याऐवजी तीन मांडतात, कमीत कमी, अपेक्षित आणि जास्तीत जास्त, आणि प्रत्येकासाठी किती स्वच्छतागृहे व किती जेवण हे वेगळे लिहितात. याबाबतीत बेल बकलसारख्या गावाची बाजू भक्कम असते. तेथे दर जूनमध्ये आरसी कोला हे पेय व मूनपाय हे गोड बिस्कीट या अमेरिकेच्या दक्षिणेतील लाडक्या जोडगोळीचा उत्सव भरतो आणि गावाच्या वस्तीच्या कैकपट लोक येतात. आपण गर्दी सांभाळू शकतो हे अशा गावाला शब्दांत पटवावे लागत नाही, मागच्या वर्षीचा वाहतुकीचा आराखडा जोडला की पुरते. ज्या गावाकडे असा उत्सव नाही त्याने थेट हजारोंच्या मेळाव्यावर बोली न लावता आधी दोनशे-तीनशे माणसांचा इव्हेंट दोन-तीन वर्षे भरवावा. ‘कॅश इन, ट्रॅश आउट’ हा कचरा वेचण्याचा इव्हेंट त्यासाठी उत्तम, कारण त्यातून जमीनमालकांशी ओळख होते आणि ती चांगल्या निमित्ताने होते.

आणि माणसे. गावातील कॅशिंग क्लबात कागदावर साठ सदस्य असले तरी पहाटे पाचला वाहनतळावर उभे राहणारे पंधराच असतात. दोन वर्षांच्या तयारीत त्यांतले काही थकतात, काहींची बदली होते, काही एकमेकांशी बोलेनासे होतात. बोली पारखणारी अनुभवी मंडळी म्हणूनच नावांची यादी बारकाईने वाचतात: प्रत्येक कामाला एक प्रमुख आणि एक राखीव माणूस आहे का, की अध्यक्ष, खजिनदार आणि डब्यांचा प्रमुख हे सगळे एकच गृहस्थ आहेत? शेजारच्या काउंटीतील क्लबांना सोबत घेतलेल्या बोलीला झुकते माप मिळाले, तर ते योग्यच म्हणावे लागेल.

बहुतेक प्रस्ताव मेळाव्याच्या शेवटच्या दिवशी संपतात, जणू सोमवारी सकाळी डब्या आपोआप नाहीशा होणार आहेत. नियमानुसार डबी किमान तीन महिने राहील अशा बेताने ठेवावी लागते आणि ठेवणाऱ्याने तिची निगा राखायची असते. दूर राहणाऱ्याला ती जबाबदारी पेलवत नसेल तर परीक्षक डबी मंजूरच करत नाहीत. म्हणजे तीनशे डब्या ठेवल्या तर पहिल्या पावसानंतर ओले झालेले कागद बदलणे, हरवलेल्या डब्यांच्या जागी नव्या ठेवणे, आणि ज्या शेतकऱ्याने केवळ मेळाव्यापुरता होकार दिला होता त्याच्या बांधावरची डबी वेळेत उचलून संकेतस्थळावरून ती बंद केल्याची नोंद करणे, ही कामे गावातच राहणाऱ्या कोणीतरी करायची असतात. प्रत्येक रस्त्यापुढे अशा माणसाचे नाव लिहिलेला तक्ता बोलीच्या शेवटच्या पानावर असेल, तर निवड करणाऱ्यांनी ते पान आधी वाचावे.